पहिलीच्या वर्षात मूल काय शिकते?



कात्रजच्या आपल्या संध्याकाळच्या वर्गाला जे देणगी देतात त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. मुले वर्षभरात काय शिकली? पाढे येतात का? नाताळच्या कार्यक्रमात एखादी इंग्रजी कविता म्हणतील का? हे विचारणे योग्यच आहे. कष्टाचा पैसा देणाऱ्याचा तो हक्क आहे. पण वार्षिक अहवालात आम्ही उत्तर देतो ते 'अक्षरओळख, अंकओळख, गाणी, गोष्टी' एवढेच, आणि त्यावरून कोणालाच काही कळत नाही. म्हणून संपादकांकडे या अंकात थोडी ऐसपैस जागा मागून घेतली. मी शाळेत बरीच वर्षे पहिलीचा वर्ग घेतला. हा वर्ग सहसा कोणी मागून घेत नाही. पहिले पंधरा दिवस नुसते रडणे, नाक पुसणे आणि चपला शोधणे यातच जातात. तरीही त्या वर्षात मुलाच्या डोक्यात जेवढे घडते तेवढे पुढच्या कोणत्याही इयत्तेत घडत नाही, असे माझे मत आहे.

आपल्या वर्गातली बहुतेक मुले कातकरी समाजाची. भोर आणि वेल्ह्याकडच्या वाड्यांवरून त्यांचे आईबाप दिवाळीनंतर कामाला बाहेर पडतात. कोणी वीटभट्टीवर जाते, कोणी कोळसा पाडायला, तर काही कुटुंबे कात्रज, आंबेगाव बुद्रुक, कोंढवा रस्ता या बाजूला बांधकामावर येतात. खैरापासून काथ काढणारे म्हणून कातकरी हे नाव पडले. तो धंदा गेला, नाव राहिले. महाराष्ट्रात सरकार ज्या तीन जमातींना आदिम जमाती मानते त्यांतली ही एक, कोलाम आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. या घरांतले सहा वर्षांचे मूल जेव्हा पहिलीत बसते तेव्हा घरात त्याच्याआधी शाळेत गेलेले बहुधा कोणी नसते.

सरकारने पहिलीकडून काय अपेक्षिले आहे ते आधी सांगते. केंद्राचे 'निपुण भारत' अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झाले. त्यात पहिलीच्या अखेरीस मुलाने आधी न पाहिलेल्या मजकुरातली चार-पाच सोप्या शब्दांची छोटी वाक्ये वाचावीत, ९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्यात आणि लिहाव्यात, आणि सोपी बेरीज-वजाबाकी करावी असे म्हटले आहे. वाचणाऱ्याला वाटेल, एवढेच? वर्षभरात चार शब्दांचे वाक्य? पण त्या चार शब्दांपर्यंत पोहोचायला मुलाला काय काय ओलांडावे लागते ते पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे, कागदावरच्या रेघोट्या काहीतरी बोलतात हे मुलाला कळावे लागते. आपल्या घरात ते आपोआप कळते. वडील वर्तमानपत्र वाचतात, आजी पवित्र शास्त्र उघडून बसते, आई किराण्याची यादी करते. तीन वर्षांचे पोर गीतपुस्तक उलटे धरून मोठ्याने गाते आणि आपण हसतो. पण ते मूल त्या वेळी फार मोठी गोष्ट शिकलेले असते: आवाज पुस्तकातून येतो. ज्या खोपटात छापील कागद म्हणजे फक्त बिस्किटाचा पुडा, तिथले मूल हे शाळेत येऊनच शिकते, आणि ते शिकायच्या आतच त्याच्यासमोर 'अ आ इ ई' चा तक्ता टांगला जातो.

म्हणून आम्ही तक्त्याने सुरुवात करत नाही, दुधाच्या पिशवीने करतो. कात्रज डेअरीची पिशवी इथल्या चहाच्या प्रत्येक टपरीवर दिसते, आणि 'कात्रज' हीच अक्षरे बसच्या पाटीवरही असतात. एकदा एका मुलीने धुतलेली पिशवी हातात धरली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, "हे बसवर बी हाय." तिला क येत नव्हता, काना माहीत नव्हता, आणि त्र तर जोडाक्षर, पाठ्यपुस्तकाच्या हिशेबाने कितीतरी पुढचे. पण एक चित्र दोन ठिकाणी सारखेच दिसते आणि दोन्हीकडे त्याचा उच्चार एकच होतो, हे तिचे तिने शोधले. माझ्या दृष्टीने तिचे वाचन त्या दिवशी सुरू झाले.

नंतर कानाचे काम येते. 'कमळ' हा शब्द मुलाच्या कानावर सलग येतो. त्याचे क-म-ळ असे तुकडे होतात हे त्याला कोणी सांगितलेले नसते. म्हणून टाळ्या वाजवायच्या. कमळ, तीन टाळ्या. आई, दोन. खेकडा, तीन. मग 'ख' ने सुरू होणारे काय काय आहे ते शोधायचे. पाहणाऱ्या पाहुण्यांना हा नुसता खेळ वाटतो; एका बाईंनी मला विचारलेही, की अभ्यास कधी घेता? पण ज्या मुलाला बोललेल्या शब्दातले अक्षर वेगळे ऐकू येत नाही, त्याला लिहिलेले अक्षर कितीदाही गिरवायला लावले तरी ते चित्रच राहते. शंभर वेळा 'ग' गिरवलेली आणि 'गवत' मधला 'ग' न ओळखणारी मुले मी पुष्कळ पाहिली आहेत.

कोणती अक्षरे आधी शिकवायची यावर शिक्षकांत जुना वाद आहे. तुमच्यापैकी बहुतेकांनी 'ग म भ न' ने सुरुवात केली असेल. त्यामागचा विचार हाताचा होता: ही अक्षरे लिहायला एकमेकांना जवळची, एक वळण बसले की पुढचे सोपे जाते. वर्णमालेचा क्रम तर उच्चारशास्त्राचा आहे, मोठ्यांसाठी सुंदर, पण मुलाला त्याचा उपयोग नाही. क ख ग घ ङ शिकून मूल एकही उपयोगाचा शब्द वाचू शकत नाही. आता थोडी अक्षरे आणि त्यांच्याबरोबर लगेच काना असा एक गट घेतात. क, म, र, ल एवढी चार अक्षरे आणि काना आला की काका, मामा, माल, काल, कमाल, कमरा असे शब्द मूल स्वतः जुळवते. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेच्या डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी मुलांच्या वाचनावर अनेक वर्षे काम केले, पालघर जिल्ह्यातल्या सोनाळ्याच्या 'क्वेस्ट' संस्थेनेही आदिवासी शाळांत केले. दोन्हींकडून आम्ही शिक्षकांनी पुष्कळ घेतले आहे.

मराठी जसे बोलतो तसे लिहितो असे आपण अभिमानाने म्हणतो. बरेचसे खरे आहे, इंग्रजीच्या मानाने तर फारच. पण सहा वर्षांच्या मुलाच्या बाजूने पाहा. 'कि' म्हणताना आधी क ऐकू येतो, पण लिहिताना वेलांटी आधी येते. 'चाक' मधला च आणि 'चिमणी' मधला च कानाला वेगळे, कागदावर एकच. घ आणि ध यांत फरक केवढा, तर शिरोरेषेचा एक तुकडा. भ आणि म तसेच. या वयात मुले अक्षरे उलटीही काढतात. त्यात काळजीचे काही नसते, वर्ष-दीड वर्षात ते जाते. आणि तक्त्यावरची चित्रे! ई ईडलिंबाचा, ऐ ऐरणीचा. पुण्यात जन्मलेल्या मुलानेही ईडलिंबू पाहिलेले नसते. आम्ही 'ख' साठी खेकडा घेतला. ओढ्यातला खेकडा नांगी चुकवून कसा धरायचा हे आमच्या सहा वर्षांच्या मुलांना माहीत आहे, आणि त्या दिवशी शिकवणारी मी नव्हते.

त्याच हातांविषयी एक गोष्ट सांगायला हवी. पेन्सिल धरायला बोटांत ताकद आणि मनगटात सैलपणा लागतो. शहरातल्या मुलांसाठी आम्ही मातीकाम, कागद फाडणे, मणी ओवणे हे सगळे मुद्दाम घेतो. कातकरी मुलांचे हात आधीच तयार असतात. गलोल बनवणे, गाठी मारणे, मासे सोलणे हे ती करत आलेली असतात. अक्षराचे वळण त्यांना लवकर बसते. 'ही मुले मागे असतात' असे जे सरसकट म्हटले जाते ते म्हणणाऱ्याने त्यांचे हात एकदा पाहावेत.

आता गणित. मूल १ ते ५० धडाधडा म्हणते तेव्हा पालक खूश होतात. पण त्याच्यापुढे अकरा चिंचोके ठेवले आणि मोजायला सांगितले की खरे कळते. तोंड पुढे पळते, बोट मागे राहते. एक चिंचोका दोनदा मोजला जातो, एक सुटतो. एका चिंचोक्याला एकच अंक, शेवटी म्हटलेला अंक म्हणजे सगळ्यांची संख्या, आणि चिंचोके पसरले किंवा ढीग केला तरी ती तेवढीच राहते, या तीन गोष्टी मोठ्यांना शिकवण्याजोग्या वाटतच नाहीत. पहिलीचे पहिले दोन-तीन महिने त्यांतच जातात. तिथे घाई केली तर पुढे चौथीतला मुलगाही बेरीज बोटांवर करत राहतो.

पैशात मात्र ही मुले पक्की. पाचची दोन नाणी म्हणजे दहाचा पुडा, आणि वीस दिले तर दहा परत यायला हवेत, हे दुकानात फसू नये म्हणून शिकलेले असते. मग आम्ही दहा काड्यांचा गठ्ठा करण्याआधी दहाची नोट काढतो. एक नोट आणि तीन नाणी म्हणजे तेरा. दशक आणि सुटे हा अवघड धडा नोटेने एका आठवड्यात उमजतो.

याच्या पुढे मराठीची स्वतःची अडचण आहे. २१ लिहिताना आधी २, मग १. म्हणताना आधी 'एक', मग 'वीस'. २९ ला तर आपण 'एकोणतीस' म्हणतो, म्हणजे तिसाला एक कमी. मुलाच्या कानावर 'तीस' पडते आणि हात ३ कडे जातो. त्याने ३९ लिहिले की आपण 'लक्ष नाही' म्हणून ओरडतो, पण लक्ष असते म्हणूनच तो ३ लिहितो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस' च्या जोडीने 'वीस एक' अशी वाचनपद्धती दिली तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. विधानसभेतही त्यावर विनोद झाले. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांचे म्हणणे साधे होते: जुनी नावे काढलेली नाहीत, मुलांना सोपे जावे म्हणून दुसरी वाटही दिली आहे. ज्यांनी पहिली-दुसरीला कधी शिकवले आहे त्यांना ते पटायला वेळ लागला नाही. आम्ही आधी 'वीस आणि एक' म्हणतो, महिनाभराने 'एकवीस' सांगतो, आणि आजवर कोणाचे मराठी बुडालेले नाही.

इंग्रजीबद्दल थोडक्यात. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना तो निर्णय झाला. मुले शब्द ऐकतात, गाणी म्हणतात, सूचना समजतात. तेवढे पुरे. नाताळात कविता म्हणवून घेणे सोपे आहे, पंधरा दिवसांचे काम. पण तिचा आणि शिकण्याचा संबंध फार थोडा.

आतापर्यंत सांगितले ते वहीत दिसणारे. जे दिसत नाही त्याबद्दल लिहिताना मला नेहमी जास्त जागा लागते. पहिलीत मूल शिकते ते अनोळखी मोठ्या माणसाला काही मागायला. "बाई, मला लघवीला जायचंय." हे वाक्य साधे आहे. ज्या मुलाला ते म्हणता येत नाही त्याची चड्डी ओली होते, मुले हसतात, आणि दुसऱ्या दिवशी ते येत नाही. शाळा सुटण्याची कारणे शोधायला लोक गरिबीपासून सुरुवात करतात, ती आहेच. पण पहिलीतून गळालेल्या मुलाची आई पुष्कळदा एवढेच सांगते की त्याला तिथे जायला भीती वाटते. कातकरी वाडीत मोठ्यांशी बोलताना इतकी औपचारिक भाषा नसते. वर्गात बाई मराठीच बोलतात, पण ती पुस्तकी. 'उभे राहा', 'रांग करा', 'शांत बसा' या सूचना त्याला एकमेकांपासून वेगळ्या काढता येत नाहीत. ते इतरांकडे पाहून करते, म्हणून नेहमी एक क्षण उशिरा करते, आणि बाईंना वाटते मूल मंद आहे.

कातकरी बोली मराठीला जवळची आहे आणि हाच घोटाळ्याचा भाग आहे. मूल भिल्ली किंवा गोंडी बोलले असते तर शिक्षकाने निदान भाषा वेगळी आहे हे ओळखले असते. जवळच्या बोलीला सगळे 'अशुद्ध मराठी' म्हणून दुरुस्त करत बसतात. सहा वर्षांच्या मुलाच्या प्रत्येक वाक्याला दुरुस्ती केली तर ते बोलणेच थांबवते. आणि जे बोलत नाही ते वाचायलाही शिकत नाही, कारण वाचन म्हणजे शेवटी आपल्याला येत असलेल्या भाषेला कागदावर ओळखणे.

हे नवे ज्ञान नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारली मुले शाळेत येत नाहीत हे पाहून त्यांनी शाळाच पाड्यावर नेली. घराच्या अंगणात भरली ती अंगणवाडी. मोठी मुले गुरे राखायला जात, तर त्यांच्यामागे कुरणात गेली ती कुरणशाळा. मॉण्टेसोरी पद्धतीची साधने महाग, म्हणून बिया, शिंपले, पाने, खडे यांतून त्यांनी साधने केली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळाले. या दोघी आपल्या मंडळीतल्या नव्हत्या. पण मूल जिथे आहे तिथे आधी आपण जायचे, ही रीत आपल्याला परकी वाटू नये. आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून आयुष्याच्या शेवटापर्यंत बायबलचे मराठी भाषांतर केले ते साध्या माणसाला कळेल अशा मराठीत, याच कारणासाठी. त्याही आधी, १८२७ साली मुंबईला आलेल्या सिंथिया फॅरारबाईंनी पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या, आणि सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचे धडे घेतले ते त्यांच्याकडेही. लहान मुलांना शिकवणे हे खालच्या दर्जाचे काम आहे असे आपल्या पूर्वजांना तरी वाटले नव्हते.

आता मुख्य अडचण. शाळा जूनच्या मध्याला सुरू होते. पहिला महिना स्थिरावण्यात, पावसाळ्यात ओढा भरला की गैरहजेरी. दिवाळीपर्यंत मूल अक्षरांचे एक-दोन गट, काना, आणि वीसपर्यंतचे अंक इथवर येते. वर्गाला गती येते ती दिवाळीनंतर: वेलांटी, उकार, मात्रा, मग शब्दांची वाक्ये, मग दशक. नेमके तेव्हा कुटुंब निघते. पुढच्या जूनमध्ये मूल गावी परतते आणि दुसरीत बसते. मागे ठेवायचे नाही हा कायदा आहे आणि तो योग्यच आहे, कारण मागे ठेवलेले मूल शाळा सोडते. पण दुसरीतही त्याच्या वाट्याला जून ते दिवाळीच येते. असे चौथीपर्यंत चालते. कागदावर चार वर्षे शाळा झाली, प्रत्यक्षात तेच चार महिने चारदा झाले. वेलांटीशी त्याची गाठच पडलेली नसते. मग दहा वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही, आणि दोष कुणाचा म्हणायचा? गावच्या शिक्षकाने आपले चार महिने नीट शिकवलेले असतात.

गावाकडे राहून गेलेला जो अर्धा भाग, तो कात्रजला आपल्यासमोर बसलेला असतो. म्हणून आपल्या वर्गाचे पहिले काम संध्याकाळी शिकवणे हे नाही, तर मुलाला इथल्या महापालिकेच्या शाळेत बसवणे हे आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. जन्माचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी नाकारता येत नाही. वर्षाच्या मध्येच आले तरी नाकारता येत नाही. वयाप्रमाणे वर्ग द्यायचा आणि राहिलेले भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचे, असे त्यात स्पष्ट आहे. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्डही असते. गावच्या शाळेने ते दिले असेल तर काम फार सोपे होते. आपल्यापैकी जे कोणी अशा कुटुंबाला ओळखतात, ते बांधकामावर असो की सोसायटीच्या चौकीदाराच्या खोलीत, त्यांनी हे तीन मुद्दे पाठ करून आईबापांबरोबर शाळेत जावे. बाप एकटा गेला तर 'जूनमध्ये या' ऐकून परत येतो. सोबत कोणी असले तर सहसा ऐकून घेतात.

दुसरे काम वहीचे. प्रत्येक मुलाची एक छोटी वही आम्ही करतो, जाड पुठ्ठ्याची. तिच्यात गुण नसतात, श्रेणी नसते. कोणती अक्षरे ओळखतो, कोणत्या खुणा येतात, किती वस्तू न चुकता मोजतो, कोणता शब्द स्वतः वाचला, आणि कशाची भीती वाटते, एवढेच लिहिलेले असते. मे महिन्यात कुटुंब परत निघाले की वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईकडे देतो आणि गावच्या गुरुजींना द्यायला सांगतो. काही वह्या पावसात जातात. काही गुरुजी ती ठेवून देतात. पण काही वह्या दिवाळीनंतर परत येतात आणि त्यात गुरुजींच्या अक्षरात दोन ओळी जोडलेल्या असतात: काना झाला, पहिली वेलांटी सुरू करावी. अशी वही हातात आली की त्या मुलाचे वर्ष बारा महिन्यांचे होते.

तिसरे काम अजून व्हायचे आहे आणि त्यासाठीच हा लेख एवढा लांबला. आपल्या एका मंडळीने वर्गासाठी इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकाचे वर्षाचे मानधन देऊ केले आहे. त्यांच्या प्रेमाबद्दल देवाचे आभार. समितीपुढे माझे म्हणणे असे आहे की, देणगीदारांची हरकत नसेल तर त्या पैशातून कातकरी समाजातलीच, बारावीपर्यंत शिकलेली एक मुलगी वर्गात मदतनीस म्हणून घ्यावी. मुलांनी त्यांच्या बोलीत सांगितलेली गोष्ट ती तशीच फळ्यावर लिहील, आणि मूल स्वतःचे बोलणे फळ्यावर पाहील. मग तेच वाक्य पुस्तकातल्या मराठीत शेजारी लिहायचे. मी कितीही प्रेमाने शिकवले तरी हे मला जमणारे नाही; मला त्यांची बोली कळते, बोलता येत नाही. समितीतल्या काहींना वाटते की मुलांना पुढे जायचे तर इंग्रजी हवे, बोलीत अडकवू नये. त्यांची कळकळ मी समजू शकते. पण ज्याला कोणत्याच भाषेत वाचता येत नाही त्याला इंग्रजीत वाचता येणार नाही, आणि हे वर्ष गेले की ते परत आणता येत नाही. देणाऱ्या मंडळीने याचा विचार करावा, आणि वाचकांनी समितीसाठी प्रार्थना करावी. निर्णय पुढच्या बैठकीत व्हायचा आहे.

वर्ग सोमवार ते शनिवार संध्याकाळी साडेपाच ते साडेसात असतो. पाहायला जरूर या, पण मुलांना उभे करून कविता म्हणायला सांगू नका. त्यांच्या शेजारी खाली बसा आणि खेकडा कसा धरायचा ते विचारा. येताना खाऊऐवजी धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या, वापरलेली बसची तिकिटे, बिस्किटांचे पुडे, औषधांची रिकामी खोकी आणा, म्हणजे ज्यावर मोठे मराठी अक्षर आहे असे काहीही. चिंचोके आमच्याकडे भरपूर आहेत.